पट्टा, दोर की साखळी? रुतलेली गाडी ओढण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

जून लागला की या सदराकडे येणारी पत्रं चिखलाचीच असतात. यंदा तर बहुतेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलीय, गाडी रुतली तर ओढायची कशाने. म्हणून इंजिन, टायर, मायलेज हे सगळं पुढच्या अंकात, या वेळी फक्त टोचन. प्रश्न थोडे छोटे केलेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : नवीन थार घेतलीय, मित्रांबरोबर मुळशी-लोणावळ्याकडे ऑफरोडिंगला जातो. ऑनलाइन बघितलं तर टो स्ट्रॅप, स्नॅच स्ट्रॅप, कायनेटिक रोप असं बरंच काही आहे, सगळ्यांवर "हेवी ड्यूटी १० टन" लिहिलंय आणि किंमत मात्र काहीशे रुपयांपासून कितीतरी हजारांपर्यंत. फरक काय आणि घ्यायचं काय? (एक वाचक, पुणे)

तो "१० टन" घडीभर बाजूला ठेवा आणि दुकानदाराला आधी हे विचारा की ओढल्यावर ही वस्तू लांबते किती. टो स्ट्रॅप शक्यतो पॉलिस्टरचा असतो, तो फारसा लांबत नाही, त्यामुळे बंद पडलेली पण चाकं मोकळी फिरणारी गाडी सावकाश ओढत न्यायला तो चांगला. स्नॅच स्ट्रॅप हा नायलॉनचा चपटा पट्टा, ९ मीटरचा पट्टा जोराच्या भाराखाली दीड-दोन मीटर लांबू शकतो आणि मग आखडतो, आणि त्या आखडण्याच्या जोरावरच रुतलेली गाडी बाहेर येते. कायनेटिक रोप त्याच नायलॉनची पण दुहेरी विणीची गोल दोरी, ३० टक्क्यांपर्यंत लांबते, धक्का आणखी मऊ बसतो, घासाघाशीत जास्त टिकते आणि म्हणून महागही असते.

हे लांबणं एवढं का महत्त्वाचं ते आकड्यात बघू. ओढणारी गाडी दोन टनांची आहे, दोर थोडा सैल ठेवून ती ताशी १० किलोमीटरने पुढे निघाली आणि दोर ताठ झाला. त्या क्षणी गाडीत जवळपास ७,७०० ज्यूल ऊर्जा असते आणि ती सगळी दोराला पोटात घ्यायची असते. दोर ९ मीटरचा, १० टनांना तुटणारा आणि तुटेपर्यंत ३० टक्के लांबणारा नायलॉनचा असेल तर तो साधारण ६५ सेंटीमीटर लांबून गाडी थोपवतो आणि दोन्हीकडच्या हुकांवर जास्तीत जास्त भार येतो २.४ टनांच्या आसपास. आता तेवढ्याच ताकदीचा पण तुटेपर्यंत १० टक्केच लांबणारा पॉलिस्टरचा पट्टा लावा, तोच भार ४ टनांच्या पुढे जातो. वेग १० चा २० केला की भार सरळ दुप्पट, म्हणजे नायलॉनवर पावणेपाच टनांच्या आसपास आणि पॉलिस्टरवर आठच्या वर. हिशोब ढोबळ आहे, रुतलेली गाडी जागची हललीच नाही असं धरलंय, पण "जरा जोरात घे रे" म्हणणाऱ्या मित्राला हा हिशोब जरूर दाखवा.

मग किती टनांचा घ्यायचा? दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीचं भरलेलं वजन घ्या, त्याच्या दुप्पट ते तिप्पट तुटण्याची ताकद हवी. भरलेलं म्हणजे माणसं, डिझेल, पाणी, तंबू सगळं धरून. थारसारखी गाडी सव्वादोन टनांच्या घरात जाते, म्हणजे साडेचार ते पावणेसात टन. बाजारात ६० मिलिमीटर रुंद आणि ८ टनांचा पट्टा सहज मिळतो, सामानाने लादलेल्या थारला तो चालून जाईल. पण तुमच्या ग्रुपात जिम्नी असेल तर तिचं भरलेलं वजन कंपनीच्या आकड्यानुसार १,५४५ किलो, तिला तीन ते साडेचार टनांचा पट्टाच योग्य. हलक्या गाडीला १२ टनांचा जाडजूड पट्टा लावला की तो लांबतच नाही, आणि पट्ट्याने जो धक्का खायचा तो चासी खाते. जास्त टन म्हणजे जास्त सेफ असं इथे नसतं आणि हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं कारण दुकानदार नेमकं उलटं सांगतात.

खरेदी करताना लेबल बघा. कापड कशाचं, तुटण्याची कमीत कमी ताकद किती, लांबी किती, हे तिन्ही शिवलेल्या लेबलवर स्पष्ट हवं. ऑस्ट्रेलियात अशा पट्ट्यांवर सूचनांचं लेबल कायद्याने सक्तीचं आहे, तिथला माल असेल तर ते वाचा, फार उपयोगाचं असतं. आणि दोन्ही टोकांना लोखंडी हुक शिवलेला पट्टा, जो सगळ्यात स्वस्त असतो आणि फोटोत सगळ्यात दणकट दिसतो, तो रिकव्हरीसाठी, म्हणजे रुतलेली गाडी काढायला, घेऊच नका. हुक सुटला किंवा तुटला की ताणलेल्या पट्ट्यातली सगळी ऊर्जा त्या हुकात जाते आणि तो मागच्या काचेतून आत येतो. पट्ट्याच्या टोकाला नुसता शिवलेला लूप हवा.

वापरताना साधारण मीटरभर सैल ठेवा, पहिली ओढ अगदी हळू, रुतलेल्या गाडीतल्यानेही त्याच वेळी हलका अॅक्सिलरेटर द्यायचा. पट्ट्याच्या मध्यावर ओली चादर, जाड जॅकेट किंवा खास मिळणारा डॅम्पर टाका. बाकी सगळी मंडळी पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब, म्हणजे ९ मीटरला साडेतेरा मीटर, आणि तीही बाजूला, पट्ट्याच्या रेषेत पुढेमागे कुणी नाही, रील काढणारा तर अजिबात नाही. दोन-तीन ओढीत निघाली नाही तर थांबा आणि फावडं काढा, वेग वाढवू नका.

प्रश्न : शेतात काळ्या मातीत पिकअप रुतली की आम्ही घरचा ट्रॅक्टर आणि साखळी लावून काढतो, बरीच वर्षं असंच चालतंय. पोरगा म्हणतो साखळी धोक्याची आहे, पट्टा आणू. त्याचं ऐकावं का? (शेतकरी वाचक, परभणी जिल्हा)

दादा, सावकाश ओढायचं असेल तर साखळी भरवशाची आहे. चिखल, दगड, ऊन कशानेच तिचं काही बिघडत नाही, जिथे धारदार कडेवर पट्टा फाटेल तिथे साखळी टिकते, आणि लांबी कमीजास्त करायला ती सगळ्यात सोपी. पण झटका तिला चालत नाही, कारण ती लांबतच नाही म्हणाना. वर पुण्याच्या वाचकाला जो हिशोब दिलाय त्यात नायलॉनच्या जागी १० मिलिमीटरची साखळी घातली तर ताशी १० किलोमीटरलाच भार कागदावर १३-१४ टनांवर जातो, आणि चांगल्यातली, म्हणजे ग्रेड ८० ची १० मिलिमीटर साखळी तुटते १२.६ टनांना. तिच्यावर कामाचा भार म्हणून ३.१५ टनच छापलेला असतो, चौपट सवलत ठेवून. प्रत्यक्षात हुक, चासी, टायर थोडं थोडं लवतात म्हणून साखळी दर वेळी तुटत नाही, पण मग ते लवणं चासीला सोसावं लागतं आणि पिकअपचा पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे चासीचा आडवा दांडा, वाकतो तो असाच.

तुमची साखळी कुठली आहे ते बघा. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते ती साधी लोखंडी साखळी, तिच्यावर काहीच शिक्का नसतो, ती किती टनांना तुटेल ते कुणीच सांगू शकत नाही. ग्रेड ८० च्या साखळीवर ठरावीक अंतराने कड्यांवर ८ किंवा ८० किंवा इंग्रजी टी उठवलेला असतो. एखादी कडी लांबट झालीय, दोन कड्या जिथे घासतात तिथे झिजून बारीक झालीय, किंवा कुणी मध्येच वेल्डिंग करून जोडलीय, तर ती साखळी गुरं बांधायला ठेवा, ओढायला नको. नटबोल्ट घालून दोन साखळ्या जोडायची सवय असेल तर ती आजच बंद करा, साधा बोल्ट आडव्या भाराला फार लवकर कापला जातो.

पोराला मात्र एक सांगा, ट्रॅक्टरने नायलॉनचा पट्टा लावून धावत झटका मारायचा नाही. ट्रॅक्टर जड, त्याची ताकद कमी वेगात असते, तिचा फायदा घ्यायचा तर पहिल्या गिअरमध्ये सावकाश ओढावं. या कामाला मला सगळ्यात आवडणारी वस्तू म्हणजे माल उचलायचे पॉलिस्टरचे स्लिंग, कुठल्याही एमआयडीसीजवळच्या दुकानात मिळतात. त्यांना रंगाची खूण ठरलेली असते, हिरवा २ टन, पिवळा ३, राखाडी ४, लाल ५. हे कामाचे आकडे आहेत, तुटायची ताकद सातपट, म्हणजे हिरवा पट्टा नवा असताना १४ टनांपर्यंत तग धरतो. पिकअपच्या बाजूला स्लिंग, ट्रॅक्टरच्या बाजूला जिथे दगडाशी किंवा लोखंडी कडेशी घासेल तिथे चांगल्या साखळीचा तुकडा, असं जोडून सावकाश ओढायला हरकत नाही. पण हेच झटक्याने ओढायचं नाही, तिथे साखळीचा तुकडा लाइनमध्ये नकोच.

आणि आता पट्टा-साखळीपेक्षाही महत्त्वाचं. ट्रॅक्टरला कायम खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या दांड्यालाच जोडा. टॉप लिंकला, सीटमागच्या कुठल्या बारला किंवा मागच्या अॅक्सलवरून फिरवून जोडलं की ओढ चाकांच्या मध्याच्या वर जाते आणि पिकअप हलली नाही तर ट्रॅक्टरच स्वतःच्या मागच्या चाकांभोवती उचलला जाऊन मागे उलटतो. पुढची चाकं उचलली गेली हे कळून क्लच दाबेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. माणसं अशीच दगावतात, साखळी तुटून कमी आणि ट्रॅक्टर उलटून जास्त, असं माझं गावोगावचं ऐकून झालेलं मत आहे.

काळ्या मातीबद्दल थोडं. अमेरिकन सैन्याच्या रिकव्हरीच्या पुस्तकात एक सोपा ठोकताळा आहे, गाडी चाकांपर्यंत रुतली तर ती काढायला गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट आणि त्याच्याही वर गेली तर तिप्पट. भरलेली पिकअप अडीच-तीन टनांची धरली तर मडगार्डपर्यंतच्या चिखलात पाच-सहा टन. म्हणून आधी माल उतरवा, चाकांपुढची माती फावड्याने मोकळी करा, मातीने धरलेला चेंबर आणि अॅक्सल सोडवा. अर्ध्या तासाची मेहनत आहे पण त्याने ओढ निम्म्यावर येते, आणि ते पट्टा कुठलाही घेतला तरी खरंच आहे.

प्रश्न : बंदरावर मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाड दोर चांगले आणि स्वस्त मिळतात. तो कायनेटिक रोप म्हणून चालेल का? किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्या वाळूत रुततात आणि शेवटी आम्हीच काढतो. (एक वाचक, मालवण)

आधी दोर कशाचा आहे ते ठरवा, आणि त्यासाठी दुकानदाराच्या शब्दावर जायची गरज नाही. तुकडा कापून बादलीत टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन, आपल्याकडे जाळ्यांना आणि होड्यांना लावतात तो निळा-हिरवा दोर बहुतेक यातलाच. तो नायलॉनपेक्षा कमजोर, उन्हात कडक होतो, हात फिरवला की भुसा पडतो, त्याने गाडी ओढू नका. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर, आणि त्यातला नायलॉन लांबतो, पॉलिस्टर फारसा नाही, हे दोन माणसांनी दोन टोकं धरून जोर लावला की थोडंफार हाताला कळतंच.

तीन पेडी नायलॉन दोर सावकाश ओढायला चालेल, स्नॅचसाठी, म्हणजे झटक्याने ओढायला, मी तरी तो सुचवणार नाही कारण भार आला की तो पिळ सोडत फिरतो आणि तुटायची ताकद लेबलवर लिहिलेली नसते. दुसरी अडचण टोकांची. गाठ मारली की दोराची जवळपास निम्मी ताकद गेली असं धरून चाला. पण तुमच्या बंदरावर पेड एकमेकांत गुंफून टोकाला कडं विणणारी माणसं आहेत, त्यांच्याकडून दोन्ही टोकांना कडी विणून घ्या, त्यात ताकद फार जात नाही आणि हे हात पुण्या-मुंबईत पैसे देऊनही मिळत नाहीत. नायलॉन ओला झाला की १०-१५ टक्के कमजोर होतो हेही हिशोबात धरा, किनाऱ्यावर तो कोरडा राहणारच नाही.

वाळूत मात्र दोर काढायच्या आधी टायरची हवा काढा, १५-१६ पीएसआयपर्यंत, टायर पसरतो आणि निम्म्या गाड्या तेवढ्यावरच निघतात. चाकांमागची वाळू हाताने उपसा. गाडी पाण्याच्या बाजूला असेल तर भरतीची वेळ बघून ठेवा, ओहोटीनंतर सहा तासांच्या आसपास पाणी पूर्ण चढतं, त्यात अर्धा वेळ चर्चेत घालवू नका. आणि जिथे किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे तिथे पर्यटकांना आधीच अडवा, ते तुमच्याच हिताचं.

प्रश्न : माझी साधी टू व्हील ड्राइव्ह एसयूव्ही आहे, टूलकिटमध्ये बंपरला फिरवून बसवायचा एक हुक आलाय. मागे ट्रेलर ओढायचा बॉल पण बसवून घेतलाय. यातलं काय वापरू? समोर क्रॅश गार्डला दोर बांधला तर? (एक वाचक, अहिल्यानगर)

क्रॅश गार्डला नको, टो बॉलला तर मुळीच नको, आणि फिरवून बसवायचा हुक फक्त सपाट रस्त्यावर सावकाश ओढायला.

टो बॉलबद्दल जरा ठासून लिहितो. तो ट्रेलरचा सारखा भार सोसायला केलेला असतो, बाजूने येणारा झटका सोसायला नव्हे. पट्ट्याचा लूप बॉलवर चढवला आणि झटका मारला की बॉलचा दांडा मुळाशी तुटतो, तो किलो-दीड किलोचा लोखंडी गोळा ताणलेल्या पट्ट्याला बांधलेला असतो आणि थेट दुसऱ्या गाडीच्या काचेवर जातो. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत याने माणसं मेलीत. बॉल जिथे बसतो तो चौकोनी रिसीव्हर असेल तर बॉल काढून त्यात शॅकल (पिनने बंद होणारं जाड कडं) लावायचा ठोकळा मिळतो तो बसवा, ती मात्र चांगली जागा आहे.

क्रॅश गार्ड पातळ पाइपचे आणि चार बोल्टवर लटकलेले असतात, शिवाय २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने ते लावण्याविरुद्ध राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, तो मुद्दा वेगळा आहेच. फिरवून बसवायच्या हुकाची बैठक एका बाजूला असते, त्यामुळे तिरकी ओढ आली की वाकतो. स्नॅच करायचाच असेल तर चासीला बोल्ट केलेला, कंपनीचा किंवा चांगल्या बनावटीचा रिकव्हरी पॉइंट हवा. सस्पेन्शनचे हात, अॅक्सल, स्टिअरिंगचे रॉड, आणि गाडी ट्रकवर बांधायला दिलेल्या बारीक कड्या, यातलं काहीही ओढायची जागा नाही. तुमची गाडी मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेली, असेल तर तिला मी स्नॅच न करता पॉलिस्टरचा पट्टा आणि सावकाश ओढ एवढंच सांगेन, त्यापुढे क्रेन बोलवा.

जोडायला शॅकल घ्याल तर घोड्याच्या नालासारखं रुंद पोट असलेलं बो शॅकल, १९ मिलिमीटरचं, त्यावर कामाचा भार ४.७५ टन असा उठवलेला असतो. ज्यावर काहीच कोरलेलं नाही ते शॅकल शोभेचं समजा. पिन पूर्ण बसवून पाव फेरा उलटा फिरवा म्हणजे नंतर जाम होत नाही. दोन पट्टे जोडायचे असतील तर शॅकलने कधीच जोडू नका, एका पट्ट्याचा लूप दुसऱ्यातून काढून स्वतःच्या टोकातून ओढून घ्या आणि मधे लाकडाचा छोटा दांडका ठेवा, नाहीतर गाठ इतकी घट्ट बसते की कापावी लागते. जमलं तर सॉफ्ट शॅकल घ्या, दोरीचंच विणलेलं असतं, तुटलं तरी लोखंड उडत नाही. फक्त ते धारदार कडेवर लावू नका.

प्रश्न : विंच बसवतोय, स्टीलची वायर ठेवू की सिंथेटिक दोर? आणि विंचचाच दोर काढून स्नॅचला वापरता येईल का? (एक वाचक, पणजी)

सिंथेटिक. (विंच म्हणजे गाडीवर बसवलेलं, ड्रमवर दोर गुंडाळत ओढणारं यंत्र.) तुमच्याकडे गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड गाड्यांची स्पर्धा होते, तिथे गेलात तर विंचवर काय काय भोगावं लागतं ते डोळ्यांनी दिसेल. सिंथेटिक दोर म्हणजे डायनिमासारख्या धाग्याचा, वजनाला हलका, पाण्यावर तरंगतो, हातात टोचत नाही. स्टीलच्या वायरचा एक धागा तुटला की ग्लोव्हज फाडून बोटात जातो, आणि वायर तुटली तर ती सुटून फिरते.

सिंथेटिकचे दोन शत्रू आहेत, घासणं आणि उष्णता. तो १४५ अंशांच्या आसपास वितळतो आणि काही विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो, उतारावरून गाडी दोरावर सोडत आणली की ड्रम चांगलाच तापतो. म्हणून ड्रमजवळच्या पहिल्या काही फेऱ्यांना उष्णतारोधक आवरण असलेला दोर घ्या. पुढे रोलरऐवजी गुळगुळीत अॅल्युमिनियमचा फेअरलीड, म्हणजे दोर ज्यातून बाहेर येतो ती चौकट, लावा, स्टीलच्या वायरने खरवडलेला जुना रोलर तोच ठेवला तर नवा दोर एका पावसाळ्यात जाईल. तुमच्याकडे लाल दगडाचा चढ असतो, दोर दगडावरून जातोय असं दिसलं तर खाली रबरी मॅट टाका.

विंचचा दोर स्नॅचला वापरू नका, तो जवळपास लांबतच नाही. झाडाला बांधायला रुंद पॉलिस्टरचा पट्टा, दोर थेट झाडाला गुंडाळला की साल कापली जाते आणि झाड वाळतं. विंचवर लिहिलेली ओढ, समजा ९,५०० पौंड म्हणजे ४.३ टन, ती ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थरालाच मिळते, वरच्या थरांवर ती कमी कमी होत जाते, तेव्हा शक्य तेवढा दोर बाहेर काढून ओढा किंवा कप्पी लावून दोर परत गाडीकडे आणा, ओढ जवळपास दुप्पट होते.

प्रश्न : बंद पडलेली गाडी हायवेवरून गॅरेजपर्यंत टोचन करून न्यायची तर नियम काय? (एक वाचक, कराड)

दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी पंचविसाच्या आत, दोर किंवा साखळी इतरांना नीट दिसेल अशी हवी, लाल कापड बांधा, आणि मागच्या गाडीच्या मागे पांढऱ्यावर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंच अक्षरांत "ऑन टो" असा फलक. म्हणजे ९ मीटरचा स्नॅच स्ट्रॅप रस्त्यावर उपयोगाचा नाही, चार-साडेचार मीटरचा पॉलिस्टर पट्टा वेगळा ठेवा, किंवा कडक टो बार, तो तर सगळ्यात चांगला. इंजिन बंद असलं की मागच्या गाडीचा ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात हे मागे बसणाऱ्याला आधी सांगा, आणि किल्ली ऑनवर ठेवा नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा कायम चालू राहणारी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चाकांवर ओढूच नका, फ्लॅटबेड बोलवा. खंबाटकी उतरताना तर कुठलीच गाडी पट्ट्यावर नको.

प्रश्न : बाबांची जुनी जिप्सी मी चालवायला शिकतेय. डिकीत त्यांचा जुना स्नॅच स्ट्रॅप आहे, चिखलाने कडक झालाय पण फाटलेला दिसत नाही. वापरू का? (कॉलेजमधली वाचक, कोल्हापूर)

आधी तो कोमट पाण्यात भिजत घाल, साधा सौम्य साबण चालेल, ब्लीच किंवा डिझेल नको. चिखलातली बारीक वाळू धाग्यांच्या आत जाऊन प्रत्येक ओढीला आतून कापत असते, ती निघेपर्यंत धू आणि सावलीत वाळव, उन्हात नको. मग सगळा पट्टा हातातून बोटभर बोटभर सरकवत बघ. कडेला छोटा काप, शिवण उसवलेली, धागे वितळून चकचकीत झालेले, रंग अगदी उडालेला, किंवा एखादी जागा बाकीच्यापेक्षा कडक, यातलं एक जरी दिसलं तरी तो पट्टा संपला. लूपच्या आतली बाजू नक्की बघ, तिथे शॅकल घासतं आणि बाहेरून काही कळत नाही. लेबल वाचता येत नसेल तरी मी तो टाकायलाच सांगेन, कारण किती टनांचा आहे हेच माहीत नाही. जिप्सी एक टनाच्या आसपासची हलकी गाडी आहे आणि बाबांनी तो एखाद्या मोठ्या गाडीचा हिशोब करून घेतला असेल तर तो तिला लांबणारही नाही.

चांगला निघाला तर लक्षात ठेव की नायलॉन एका जोराच्या ओढीनंतर लगेच पूर्वीच्या लांबीवर येत नाही, लागोपाठ ओढी दिल्या की तो लांबायचा कमी होतो आणि तापतो, मधे थोडा वेळ जाऊ दे. एकदाही झटका न मारता नुसतं बंद गाडी ओढायला तो वापरू नको, त्याने विनाकारण दमतो. आणि टाकायचा ठरलं तर नुसता कचऱ्यात टाकू नको, कात्रीने चार तुकडे कर, नाहीतर कुणीतरी उचलून नेतो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच पट्टा कुठल्यातरी गाडीला लागतो.